हँडब्रेकवरचं कीर्तन

बद्रीनाथची मागणी तशी मोठी नव्हती. फोनवर चाललेलं कीर्तन गाडीच्या पडद्यावर दिसावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ऐकू तर येत होतंच. फोनला वायर लावली की महाराजांचा आवाज चारही दारांतून घुमायचा, मागं टाळमृदंग वाजायचे, आणि पडद्यावर मात्र युसूफ वडगाव ते केज हा रस्ता निळ्या रेघेनं काढलेला असायचा. त्या रस्त्यानं बद्रीनाथ बावीस वर्षं पंचायत समितीत नोकरीला जात होता. झोपेत उठवून सोडला असता तरी तो ऑफिसच्या टेबलापाशी जाऊन बसला असता. नकाशाची त्याला काडीची गरज नव्हती.

गाडी जुनी होती, पण डॉक्टरनं वापरलेली होती. आमच्याकडं विकायला निघणारी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरनंच वापरलेली असते. एवढ्या गाड्या वापरून हे डॉक्टर पेशंट कधी तपासतात, असा प्रश्न घेणाऱ्यानं विचारायचा नसतो. बद्रीनाथनंही विचारला नाही.

कीर्तन आईसाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याची आई भिवराबाई, हिला गाडी लागायची. नजर एका जागी खिळून राहिली की गाडी लागत नाही, असा बद्रीनाथचा सिद्धान्त होता, आणि आईची नजर खिळवण्याची ताकद जगात दोनच गोष्टींत होती. एक कीर्तन आणि दुसरं सुनेचं स्वयंपाकघर. दुसरी गोष्ट गाडीत नेता येत नव्हती.

हे सांगायचं कारण झालं. खरं कारण गेवराईला राहत होतं आणि त्याचं नाव आप्पाराव होतं. आप्पाराव हा बद्रीनाथचा चुलतभाऊ. दिवाळीत तो कोरी गाडी घेऊन आला आणि अंगणात उभ्या गाडीत त्यानं पडद्यावर क्रिकेटची मॅच लावली. सगळी भावकी फराळ सोडून काचांना नाक लावून उभी राहिली. आप्पारावनं काच खाली केली आणि विचारलं, "तुझ्यात दिसतंय का बे, बद्री?" बद्रीनाथकडं तेव्हा मोटारसायकल होती. तिच्यात काय दिसणार, पेट्रोलचा काटा! तो हसला, चकली खाल्ली, आणि त्या दिवसापासून त्याला नीट झोप आली नाही.

गाडी आली ती फेब्रुवारीत आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात कड्याला तेजश्रीचं लग्न होतं. तेजश्री म्हणजे बद्रीनाथच्या एकुलत्या एका बहिणीची, सुनिताची मुलगी. बद्रीनाथ तिचा एकुलता एक सख्खा मामा. आमच्याकडं कन्यादान बाप करतो, पण नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. बद्रीनाथ बावीस वर्षांत कचेरीत कुणाच्या पाठीशी उभा राहिल्याची नोंद नाही, पण या एका उभं राहण्याची तो दोन वर्षं वाट बघत होता. तेजश्री बारावीला त्याच्याकडं राहिली होती. रोज सकाळी तिला क्लासला त्यानंच सोडलं होतं. सुनितानं तर आठ दिवस आधी फोन करून बजावलं, "दादा, बाकी कोण आलं न आलं, मला काय न्हाई. तू तेवढा येळंवर ये. पोरगी म्हणती, माज्या मागं बद्रीमामाच पायजे."

"अगं, म्या सगळ्यांच्या आधी येतो," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं लगेच विषय बदलला आणि मांडवासमोर गाड्या लावायला जागा कशी आहे ते विचारलं. आप्पारावची गाडी जिथं लागेल तिथंच शेजारी त्याला आपली लावायची होती, पडदा चालू ठेवून.

पहिला सल्ला आला तो शेजारच्या आश्रुबांकडून. आश्रुबा वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळं वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "साहेब, गाडीत दोष न्हाई. फोनला परमिशन न्हाई. फोनच्या पोटात एक नंबर आस्तो. त्याच्यावर सात बार बोट मारायचं."

"सातच काहून?"

"आता ते कंपनीनं ठरीवलंय. फेरे नसत्यात का सात?"

बद्रीनाथनं नंबर शोधला आणि सात वेळा बोट मारलं. फोननं त्याला खरोखर कळवलं की तुम्ही आता डेव्हलपर आहात. बावीस वर्षांत बढती एकदाच मिळालेल्या माणसाला सात टिचक्यांत एवढं मोठं पद मिळालं, म्हणून त्याला क्षणभर बरंही वाटलं. मग आश्रुबांनी आतली पंधरावीस बटणं एकामागोमाग एक चालू केली. कीर्तन काही पडद्यावर आलं नाही. फोनवर मात्र बोट लावील तिथं एक आडवी आणि एक उभी रेघ उमटू लागली आणि वर आकडे धावू लागले. दुसऱ्या दिवशी बीडीओ साहेबांना फोनवर एक पत्र दाखवताना साहेबांनी विचारलं, "हे काय, मोजणी चाललीय का?" बद्रीनाथ "हो सर" म्हणाला.

मग त्यानं रीतसर मार्ग धरला. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर त्यानं फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईनं त्याला मराठीसाठी दोन दाबायला लावलं आणि हिंदीत सांगितलं की सुरक्षेच्या कारणास्तव चालत्या गाडीत चित्र दिसणार नाही. तो बीडच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथला टाय लावलेला माणूस म्हणाला, "लेखी अर्ज द्या. वरिष्ठांकडं पाठवतो. उत्तर आलं की कळवू." बद्रीनाथला घाम फुटला. ही तिन्ही वाक्यं त्याची स्वतःची होती. रोज किमान दहा माणसांना तो ती याच क्रमानं ऐकवायचा आणि त्या माणसांचं पुढं काय होतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यानं अर्ज दिला. पोच मागितली. पोच देणारा माणूस जेवायला गेला होता.

शेवटी पप्पू. केजच्या स्टँडमागं पप्पूचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. सीटकव्हरपासून नंबरप्लेटवरच्या दादा-भाऊंपर्यंत सगळं तिथं मिळायचं. पप्पूनं काडेपेटीएवढी एक डबी काढून फोनची वायर लागते तिथं खोचली आणि पडद्यावर महाराज प्रकटले. फेटा, वीणा, मागचे टाळकरी, सगळं लख्ख. बद्रीनाथचे हात आपोआप जोडले गेले. त्यानं त्याच भरात गाडी दुकानातून बाहेर काढली आणि पडदा काळा झाला.

"हँडब्रेक सोडला ना तुमी," पप्पू म्हणाला. "हँडब्रेक वढलेला आसंल तवाच चित्र दिसतंय. ती एक वायर आस्ती, ती जोडावी लागंल दुसरीकडं. पाच मिन्टाचं काम."

पाच मिनिटांचं काम त्यानं जेवण करून, दोन तासांनी केलं. चित्र दिसलं. गाडी पुढं नेली तरी दिसलं. फक्त ते महाराजांचं नव्हतं. पप्पूनं कुठली तरी दुसरीच वायर जोडली होती आणि मागच्या बाजूचा कॅमेरा कायमचा चालू झाला होता. दोन दिवस बद्रीनाथ गाडी पुढं चालवायचा आणि समोरच्या पडद्यावर मागं पडलेलं युसूफ वडगाव बघत ऑफिसला जायचा. तिसऱ्या दिवशी त्याची बायको विजयमाला शेजारी बसली. तिनं पडद्यावर मागं धावणारी कुत्री बघितली आणि विचारलं, "आपण चाललोय का माघारी यायलोय?"

पप्पूनं डबी तेवढी ठेवली आणि वायर उपटून पहिल्यासारखी केली. "आता लगीनसराई हाय साहेब, लई काम हाय. लग्नानंतर या, दम धरून करू. तवर गाडी हुबी करायची, हँडब्रेक वढायचा, बघायचं कीर्तन."

"उभ्या गाडीत कीर्तन बघायचं तर घरात टीव्ही कशाला घेतलाय?" विजयमाला म्हणाली. ही बाई मराठी शाळेत शिकवत होती, त्यामुळं तिचे प्रश्न नेहमी उत्तर नसलेले असत.

लग्नाचा मुहूर्त होता बारा वाजून एकतीस मिनिटांचा. युसूफ वडगावाहून कडा तीन-साडेतीन तास. बद्रीनाथ साडेआठला निघाला. लवकर निघण्यात अर्थ नव्हता. एक तर सगळ्यांत आधी पोचणाऱ्या मामाला खुर्च्या मांडायला लावतात, आणि दुसरं म्हणजे साडेबाराचा मुहूर्त म्हणजे दोन, हे आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत आणि पुढारी कधी वेळेवर आलेला कुणी बघितलेला नाही. तो आल्यावर त्याचा सत्कार, मग त्याच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार, मग सत्कार राहून गेलेल्यांची समजूत. तेजश्रीच्या लग्नाला यायचे होते ते विजयसिंहराव, तालुक्यातलं मोठं प्रस्थ. मंत्र्यालाही तासभर ताटकळत ठेवणारा माणूस. बद्रीनाथनं सगळा हिशोब मनात मांडला आणि तो निर्धास्त झाला.

मांजरसुंब्याच्या पुढं भिवराबाईंना मळमळायला लागलं. बद्रीनाथनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, महाराज आले. म्हातारी टक लावून बसली. दहा मिनिटांत चेहऱ्यावर तरतरी आली. गाडी हलली, महाराज गेले, म्हातारीला उलटी झाली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बद्रीनाथला शोध लागला.

हँडब्रेक पुरता ओढायची गरज नव्हती. एकच घर वर घेतला, खट् असा एकच आवाज येईल इतपत, तरी पडद्याला वाटायचं की गाडी उभी आहे. आणि एका घरावर गाडी चालायचीसुद्धा. थोडी जड, पण चालायची. कंपनीचे इंजिनिअर, सर्व्हिस सेंटरचा टायवाला आणि पप्पू या सगळ्यांवर कुरघोडी करून केजच्या पंचायत समितीचा वरिष्ठ सहाय्यक चालत्या गाडीत कीर्तन दाखवत होता. बद्रीनाथनं आरसा वळवून स्वतःकडं एकदा बघून घेतलं.

"तो लाल दिवा कशाचा लागलाय?" विजयमालानं विचारलं.

"कीर्तनाचा."

"आणि तुमी रस्त्याकडं बघा."

"मी बघत न्हाई. मी फक्त ऐकायलोय," बद्रीनाथ म्हणाला, आणि समोरून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना गाडी थोडी काट्यात गेली. ती रस्ता अरुंद असल्यामुळं गेली, असं त्यानं लगेच स्पष्ट केलं.

पाटोद्यापर्यंत तो जगातला सर्वांत सुखी माणूस होता. मागं आई टाळ्या वाजवत होती. उलटी नाही, मळमळ नाही. चढ लागला तशी गाडी आणखी जड झाली, तेव्हा त्यानं मनात डॉक्टरला दोन शब्द ऐकवले. मग वास यायला लागला.

"बद्री, कुणाची तरी भाकर करपली रं," भिवराबाई म्हणाल्या.

"पाचट पेटीवलं आसंल कुणी शेतात."

आष्टी मागं टाकली. पावणेबारा झाले होते. एक मोटारसायकलवाला मागून आला, शेजारून जाताना हातवारे करून काहीतरी ओरडला. पडदा बघून चकित झाला असेल, असं बद्रीनाथला वाटलं आणि त्यानं मोठ्या मनानं मान हलवली. मग आरशात बघितलं तर मागचा रस्ता दिसेना. मागच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

त्यानं गाडी थांबवली. समोर दगड होता, कडा नऊ किलोमीटर. रस्त्याला उतार होता आणि आई आत बसलेली, म्हणून त्यानं जिवाच्या आकांतानं हँडब्रेक शेवटच्या घरापर्यंत ओढला. खाली उतरून पिण्याच्या पाण्याचे दोन्ही जार चाकांवर रिकामे केले. चर्र असा आवाज झाला आणि वाफेचा लोट त्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावर आला. मग त्यानं हँडब्रेक सोडला. दांडा खाली आला, चाकं मात्र जागची हलली नाहीत. पुढं नाही, मागं नाही. इंजिन ओरडून ओरडून थकलं.

पप्पूला फोन लावला. मागं बँड वाजत होता, तोही कुठल्या तरी वरातीत होता. "ब्रेकचे लायनर चाकाला चिटकले साहेब! येक घर वढून गाडी चालीवली? शंभर किलोमीटर? आवो कावून? आता थंड हुंद्या आपसूक. तास लागंल. पानी तेवढं मारू नका बरं का!"

बद्रीनाथनं फोन ठेवून दिला. उतारावर गाडी सुटू नये म्हणून हँडब्रेकचा दांडा पुन्हा वर ओढला. त्याबरोबर पडदा उजळला. इतका स्वच्छ तो कधीच दिसला नव्हता.

बारा वाजून पाच मिनिटांनी सुनिताचा फोन आला. "दादा, कुठं हायस?"

"आष्टी सोडली. आलोच, धा मिन्टं."

यात खोटं काहीच नव्हतं. आष्टी सुटली होती आणि नऊ किलोमीटरला दहा मिनिटंच लागतात, चाकं फिरत असतील तर. विजयमालानं त्याच्याकडं बघितलं. "खरं सांगा की तिला. कुणी न्यायला येईल."

"काय सांगू? भाचीच्या लग्नाला येताना मामानं कीर्तन बघायसाठी गाडी पेटवली? तिथं आप्पाराव बसलेलाय खुर्ची टाकून. जल्माचं बोलणं हुईल." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "अजून पुढारी कुठंय? दोन वाजतेत. तवर थंड होतंय."

एक उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. चालकानं वरूनच विचारलं, "पाव्हणं, कड्याला सोडू का? कारखान्यावरच चाललोय." बद्रीनाथनं वर बघितलं. दोन ट्रॉल्या ऊस, वर बसलेली चार माणसं. त्यानं आपण त्या उसावर बसून मांडवासमोर उतरतोय असं चित्र डोळ्यापुढं आणलं. शेजारी आप्पारावची गाडी. "न्हाई, न्हाई. गाडीला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "आईला जरा मोकळी हवा पायजे व्हती." ट्रॅक्टर गेला.

वीस मिनिटं गेली आणि भिवराबाईंनीच फर्माईश केली. "माज्या नातीचं लगीन लावा की त्यात. ते मोबाईलवर दिसणार व्हतं म्हणं." सुनितानं खरंच घरच्या ग्रुपवर लग्नाच्या थेट प्रक्षेपणाची लिंक टाकली होती. आईला नाही कसं म्हणावं? बद्रीनाथनं लिंक दाबली आणि पडद्यावर मांडव आला. मागं झालर, पुढं खुर्च्या, वरून उडत्या कॅमेऱ्यातून दिसणारे फेटेच फेटे. आणि पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत, विजयसिंहराव.

बद्रीनाथनं घड्याळ बघितलं. बारा पंचवीस. त्याला वाटलं घड्याळच पुढं गेलंय. पण लाऊडस्पीकरवरचा माणूस सांगत होता, "साहेबांना आज आणखी तीन लग्नं आहेत, तरी आपल्यासाठी साहेब वेळेच्या आधी आले. सत्कार नंतर घेऊ. लग्न मुहूर्तावर लावायचं आहे. मुलीचे मामा बद्रीनाथराव जिथं असतील तिथून त्यांनी नवरीला घेऊन बोहल्यावर यावं."

बद्रीनाथ जिथं होता तिथं होता. त्यानं हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, पाय दाबला. पडदा काळा झाला, गाडी थरथरली, हलली नाही. पुन्हा हँडब्रेक ओढला. मांडव परत आला.

"पुन्हा एकदा विनंती. मुलीचे मामा!"

फोन वाजला. प्रक्षेपण जागच्या जागी थबकलं आणि गाडीभर सुनिताचा आवाज भरला. "दादा, समदे खोळंबलेत रं. साहेब उठायलेत. कुठं आलास?"

"कड्याच्या पुलावर. पुलावरच हाय मी, सुनिता. मांडव दिसायलाय मला. पाच मिन्टं थांबव त्यांना."

"थांबवते. तू ये."

फोन बंद झाला आणि थबकलेलं प्रक्षेपण पुढं सुरू झालं. हे एक बद्रीनाथला कुणी सांगितलं नव्हतं. आश्रुबांनी नाही, पप्पूनं नाही. फोन चालू असताना जे घडलं होतं ते आता पडद्यावर घडू लागलं. बोहल्याच्या कडेला सुनिता कानाला फोन लावून उभी होती. ती बोलत होती, मग ऐकत होती. तो काय बोलला होता ते त्याला माहीत होतं, त्यामुळं कुठल्या शब्दाला तिचा चेहरा उजळला तेही त्याला कळलं. ‘मांडव दिसायलाय’ या शब्दाला. ती वळली, नवरीच्या कानात काहीतरी बोलली, नवरी हसली. मग सुनिता पहिल्या रांगेसमोर गेली आणि तिनं विजयसिंहरावांपुढं हात जोडले. ते घड्याळ बघून बसले.

बद्रीनाथ गाडीतून उतरला आणि रस्त्यानं पळत सुटला. पन्नास पावलं पळाला. नव्या बुटानं टाच सोलली, पोट दुखायला लागलं, आणि पळत जाऊन नऊ किलोमीटर कधी संपणार हे गणित त्याला तेवढ्यातही जमलं. तो परत आला. विजयमालानं त्याच्याकडं न बघता सांगितलं, "आणखी दोनदा आला होता फोन. मी उचलला न्हाई. माज्याच्यानं खोटं बोलवत न्हाई."

मग तिसऱ्यांदा आला तो त्यानं उचलला आणि म्हणाला, "आलो, गाडी लावतोय." पुन्हा चौथ्यांदा आला, तेव्हा म्हणाला, "जागा मिळंना गाडीला." हे का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एकदा तोंड उघडलं की कचेरीतल्यासारखी तारीख पुढची पुढची निघत होती.

बारा पन्नासला विजयसिंहराव उठले. पडद्यावर गडबड झाली. सुनितानं मांडवाच्या दाराकडं एकदा बघितलं, बराच वेळ बघितलं. मग कुणीतरी आप्पारावला हाताला धरून पुढं आणलं, त्याच्या डोक्यावर मामाचा फेटा ठेवला, आणि आप्पाराव तेजश्रीला घेऊन बोहल्यावर आला. तो तिच्या मागं उभा राहिला. चांगला सरळ, हात जोडून. तेजश्रीनं मान वळवून एकदा मागं बघितलं आणि पुन्हा पुढं बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू नीटसं दिसलं नाही, पडदा लहान होता. बद्रीनाथला मात्र ते नव्हतं हे दिसलं.

"शुभ मंगल सावधान" झालं. भिवराबाईंनी पिशवीतून अक्षता काढल्या आणि दोन्ही हातांनी पडद्यावर टाकल्या. तांदूळ एसीच्या जाळीत गेले. "टाक की रं," त्या मुलाला म्हणाल्या. बद्रीनाथनं चार दाणे टाकले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवण्याइतकी जागा त्या गाडीत नव्हती.

सव्वाएकला मागं कुठंतरी खट् असा आवाज झाला आणि चाकं सुटली. कुणी काही केलं नव्हतं.

मांडवात पोचले तेव्हा पंगती बसल्या होत्या. विजयसिंहराव दुसऱ्या लग्नाला गेले होते. आप्पाराव समोरूनच आला, फेटा सांभाळत. "काय बे बद्री, कुठं व्हतास? मला उभं केलं नं बळंच!" त्यात टोमणा नव्हता. तो खरंच ओशाळला होता. टोमणा असता तर बद्रीनाथला सोपं गेलं असतं.

सुनिता धावत आली. आधी आईच्या पाया पडली. मग भावाकडं वळली, त्याच्या शर्टावरचे काळे डाग बघितले, लंगडणारा पाय बघितला आणि घाबरून म्हणाली, "दादा, काय झालं? लागलं का कुठं? ॲक्सिडेंट झाला का?"

बद्रीनाथ हो म्हणायला तोंड उघडणार, तोच भिवराबाई कौतुकानं बोलल्या, "काय न्हाई झालं गं, चांगले बसलो व्हतो की. समदं लगीन बघितलं आमी गाडीत. लई ग्वाड दिसलं. तू साहेबाच्या म्होरं हात जोडलेस तेबी दिसलं. रडलीस तेबी."

"गाडीत? कुठं?"

"हितं माघं. दगडावर नऊ लिव्हलं व्हतं, ही वाचत व्हती," म्हातारी सुनेकडं बोट करून म्हणाली.

सुनितानं भावाकडं बघितलं. ती रागावली असती तर तो काहीतरी बोलला असता. ती रागावली नाही.

"नऊ किलोमीटर," ती म्हणाली. "दादा, भाईर शंभर मोटारसायकली हुब्या हायत. कुणीबी तुला दहा मिन्टात आणलं असतं. आडकलोय, एवढंच म्हणायचं व्हतंस." मग ती म्हणाली, "म्या तर तुला जागा करून द्यायला माणसं पाठीवली व्हती, गाडी लावायला. ते पोरं अजून भाईर हुडकायलेत तुला."

बद्रीनाथ शर्टावरचा काळा डाग बोटानं पुसत राहिला.

"जेवून घे," सुनिता म्हणाली आणि आईला धरून आत घेऊन गेली.

बद्रीनाथ शेवटच्या पंगतीत जाऊन बसला. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, बुंदी पडली. वाढणारा माणूस नवऱ्याच्या गावचा होता, हातात बुंदीचं भांडं, तोंडावर आग्रह. "घ्या की पाव्हणं, लाजायलात कशाला? कुणाकडले तुमी?"

बद्रीनाथनं बोहल्याकडं बघितलं. तिथं तेजश्रीच्या शेजारी आप्पाराव उभा होता आणि फोटो चालले होते.

"मुलीकडला," तो म्हणाला आणि पानाकडं बघत राहिला.